यारिस की जॅझ? शहरात चालवायची छोटी हायब्रिड निवडताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज बेताचा ठेवा, आणि गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर फोनला हात लावू नका. कारण आजचा विषयच गाडीचा आहे.

दोन छोट्या हायब्रिड हॅचबॅक. एक टोयोटा यारिस, दुसरी होंडा जॅझ. शहर लंडन. या दोन्ही गाड्या भारतातल्या शोरूममध्ये आज मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. पण पुण्या-मुंबईच्या मंडळींनी लगेच भाग बंद करू नका. यांच्या पोटात ज्या दोन प्रकारच्या यंत्रणा आहेत, त्याच प्रकारच्या यंत्रणा तुमच्याकडे दुसऱ्या नावांनी विकल्या जातात. शेवटी त्यावर येतोच.

तर झालं असं, की हॅरोहून एका ताईंची व्हॉइस नोट आली. नाव सांगत नाही. ताई मूळच्या पुण्याच्या, इथे रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. घरापासून रुग्णालय पाच किलोमीटर, पण दोन बस बदलाव्या लागतात, आणि त्याआधी दीड वर्षाच्या लेकाला पाळणाघरात सोडायचं. मागचा अख्खा हिवाळा त्यांनी हे बाबागाडी ढकलत केलं. आता गाडी घ्यायचीच आहे. जूनमध्ये आई येतायत, सहा महिने राहतील, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि पैसे कुठून? तर घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेत त्यातूनच.

दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही २०२१ च्या, सेकंडहँड, किमती जवळजवळ सारख्या. नवरा म्हणतो यारिस, ताई म्हणतात जॅझ. त्याचं म्हणणं, "यारिस ॲव्हरेज जास्त देते, आणि जॅझ म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी." ताईंचं शेवटचं वाक्य ऐका: "दादा, तुम्हीच काय ते सांगा. नाहीतर गाडी यायच्या आधी घरात भांडण यायचं."

चला, दोघांचेही मुद्दे तपासून बघू. आधी ॲव्हरेज.

हायब्रिड शहरात पेट्रोल कसं वाचवते? तीन कारणं. एक, सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद राहतं, गाडी मोटरवर सरकते. दोन, ब्रेक दाबला की साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत जाते. तीन, इंजिन चालतं तेव्हा शक्यतो त्याला परवडेल अशाच वेगाने चालतं, बाकीची ओढाताण मोटर सांभाळते. वेगळं चार्जिंग करायला लागत नाही. पेट्रोल भरा आणि चालवा.

इथपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच. फरक आहे तो आतल्या जोडणीत.

यारिसमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, आणि इंजिन नि मोटर दोघांची ताकद एका गिअरच्या संचातून चाकांकडे जाते. मध्ये सूर्य आणि भोवती फिरणारे ग्रह, अशी त्या गिअरची रचना असते. दोन बैल एकाच जूला जुंपलेत असं समजा. कधी एक जास्त ओढतो, कधी दुसरा, कधी एकाला पूर्ण विश्रांती. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणली तेव्हापासूनचं हे तत्त्व आहे, पुढे ते सुधारत नेलं.

जॅझचंही इंजिन दीड लिटरचंच, पण चार सिलिंडरचं. शहरातल्या वेगाला ते इंजिन चाकांना थेट हातच लावत नाही. ते जनित्र फिरवतं, जनित्र वीज बनवतं, आणि चाकं फिरवते ती मोटर. म्हणजे एक जण विहिरीवर रहाट ओढतोय आणि पिकाला पाणी दुसराच देतोय. मोटरवेवर एका लयीत गाडी चालायला लागली, की मग एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो.

चालवताना हे कसं जाणवतं? जॅझ शहरात बरीचशी इलेक्ट्रिक गाडीसारखी वाटते, गुळगुळीत. यारिस हलकी आणि चपळ वाटते. चढावर किंवा मोटरवेला लागताना पाय दाबला, की दोन्हींत इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग त्याच्या मागून येतो. गिअरवाल्या गाडीची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस वाटतं, काहीतरी घसरतंय. घसरत काही नाही. ही यंत्रणा अशीच चालते.

आता हिशोब. युरोपातल्या अधिकृत चाचणीत यारिस शंभर किलोमीटरला साधारण ४.२ लिटर पेट्रोल घेते, जॅझ साधारण ४.६. आपल्या भाषेत यारिस लिटरला २४ च्या आसपास, जॅझ २२ च्या आसपास. म्हणजे नवरोबांचं म्हणणं खरं आहे. यारिस पुढे आहे.

पण किती पुढे? वर्षाला १०,००० किलोमीटर धरू. ताईंचं रनिंग त्याहून कमीच होईल, तरी धरू. फरक निघतो ४० लिटरचा. लिटरला १.४० पौंड धरले तर वर्षाचे ५६ पौंड. महिन्याला पाच पौंडसुद्धा नाहीत. दोन कॉफ्या प्यायलात की संपले.

आता लक्षात घ्या, की हजारो पौंडांचा निर्णय महिन्याच्या पाच पौंडांवर अडकलाय. आपल्याकडे गाडी म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" साधं पेट्रोल विरुद्ध हायब्रिड अशी निवड करताना तो प्रश्न बरोबरच आहे. पण दोन हायब्रिड शेजारी उभ्या केल्यावर त्या प्रश्नाचं वजन फार कमी होतं.

आणि एक गोष्ट ब्रोशरमध्ये ठळक लिहिलेली नसते. हिवाळ्यात पाच किलोमीटरच्या फेरीत कुठलीही हायब्रिड आपला खरा हात दाखवत नाही. इंजिन थंड असतं, गाडीत हीटर हवा असतो, आणि हीटरसाठी गरम पाणी इंजिनाकडूनच यायचं असतं. त्यामुळे सिग्नलला उभे असलात तरी इंजिन चालू राहतं. इंजिन तापेपर्यंत रुग्णालय आलेलं असतं. जानेवारीत ॲव्हरेज पडलं, की "गाडी बिघडली" म्हणून गॅरेजला धावू नका. मेमध्ये तीच गाडी नीट आकडा दाखवेल.

लंडनपुरतं आणखी एक. "हायब्रिड आहे म्हणजे सगळे चार्ज माफ" असा समज अजून आहे. तसं नाही. यूलेझ, म्हणजे प्रदूषणाचा रोजचा साडेबारा पौंडांचा चार्ज, ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनला लागू आहे. तो या दोन्ही गाड्यांना लागत नाही, पण ते हायब्रिड असल्यामुळे नव्हे. युरो ४ किंवा त्यापुढची कुठलीही पेट्रोल गाडी त्यात बसते. मध्य लंडनचा कंजेशन चार्ज वेगळा. तो २०२६ च्या जानेवारीपासून दिवसाला १८ पौंड झालाय, आणि दोन्ही गाड्यांना पूर्ण भरावा लागतो. रोड टॅक्समध्ये हायब्रिडला दहा पौंडांची सूट होती, तीही १ एप्रिल २०२५ पासून गेली. थोडक्यात, सरकारच्या बाजूने या दोघींत फरक शून्य.

सुरक्षेतही जवळपास बरोबरीच. दोघींना २०२० मध्ये युरो एनकॅपचे पाच स्टार मिळालेत. दोघींतही पुढच्या दोन माणसांच्या मधोमध उघडणारी एअरबॅग आहे. बाजूने धडक बसली तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ती असते.

मग फरक कुठे आहे? मागच्या दारात.

यारिस ३.९४ मीटर लांब, जॅझ साधारण ४.०४. दहा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. पण यारिसचं मागचं दार अरुंद, मागच्या काचा लहान, छत मागे उतरत जातं. दोघंच असाल, मागे बॅगा टाकायच्या असतील, तर काही बिघडत नाही. उलट हॅरोच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, तिथे यारिस सुखाची. पण मागे लहान मुलाची सीट बसवायची, रोज सकाळी जाड जॅकेट घातलेलं लेकरू वाकून त्यात ठेवायचं, पट्टे लावायचे, आणि हे सगळं पावसात! तेव्हा दार किती रुंद उघडतं, यावर तुमची सकाळ ठरते.

होंडाने जॅझमध्ये एक हुशारी केलीय. पेट्रोलची टाकी साधारणपणे मागच्या सीटखाली असते. जॅझमध्ये ती पुढच्या सीटांखाली आहे. त्यामुळे मागची जागा मोकळी झाली. मागच्या सीटची बैठक नाट्यगृहातल्या खुर्चीसारखी वर उचलून उभी करता येते, आणि खाली जमिनीपासून छतापर्यंत जागा मिळते. घडी न करता बाबागाडी उभी राहील, कुंडीतलं झाड उभं राहील. हवं तर पाठ पुढे पाडा, मग सपाट जागा होते. डिकी यारिसची २८६ लिटर, जॅझची ३०४. आकड्यात फरक थोडा, पण वापरात बराच.

आणि आई. ताई, तुम्ही फिजिओ आहात, तुम्हाला मी काय सांगणार! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खोल सीटमध्ये उतरणं आणि त्यातून उठणं, दोन्ही त्रासाचं. जॅझची ठेवण उंच आहे, त्यात बसताना माणूस खाली पडल्यासारखा बसत नाही. शिवाय जॅझच्या पुढच्या काचेशेजारचे खांब बारीक आहेत, त्यामुळे वळताना झेब्रा क्रॉसिंगवरचं माणूस चांगलं दिसतं. लंडनमध्ये नव्याने चालवणाऱ्याला याचा फार आधार वाटतो.

आता दुसरा मुद्दा, "म्हाताऱ्यांची गाडी". ब्रिटनमध्ये हा विनोद खरंच चालतो, जॅझ म्हणजे पेन्शनरांची गाडी. पण पेन्शनर मंडळी ती का घेतात, बघा ना. चढायला सोपी, दिसायला मोकळी, सामान मावतं, कटकट कमी. पहिली गाडी घेणाऱ्या घराला याहून वेगळं काय हवं असतं? आणि नवरोबांसाठी खास माहिती: शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला यारिसला ९.७ सेकंद लागतात, जॅझला साधारण ९.४. म्हातारी जरा जोरात पळते, बरं का!

गंमत सोडा. गाडी दारात लावल्यावर शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न आपण पुण्याहून बॅगेत भरून आणतो. इथे शेजारी काहीच म्हणत नाहीत. म्हणालेच तर तुमच्या बिन्सबद्दल म्हणतील.

आता ज्या गोष्टींत खरे पैसे जातात, तिकडे वळू. इन्शुरन्स. नव्या ड्रायव्हरला इथे इन्शुरन्सचा आकडा ऐकून घाम फुटतो. ब्रिटनमध्ये गाड्यांचे १ ते ५० असे इन्शुरन्स गट आहेत, पण तुमचा पत्ता, वय, परवाना कधी मिळाला, गाडी रात्री कुठे उभी राहते, हे सगळं धरून दर ठरतो. भारतातला नो-क्लेम बोनस प्रत्येक कंपनी मानेलच असं नाही. त्यामुळे एक काम करा. दोन्ही गाड्यांचे नंबर टाकून, दोघांची नावं घालून, आज रात्रीच कोटेशन काढा. वर्षाच्या इन्शुरन्समधला फरक त्या ५६ पौंडांना सहज गिळू शकतो.

परवान्याचंही सांगतो, कारण नव्याने आलेली मुलंमुली हे विचारतात. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं. पुढे इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल परीक्षा द्यावीच लागते. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचा मिळतो. या दोन्ही गाड्यांना क्लचचं पेडल नाही, त्या ऑटोमॅटिकमध्येच मोडतात. तेव्हा ती काळजी नको.

सेकंडहँड हायब्रिड बघायला जाताना चार गोष्टी. पहिली, गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. दरवर्षीचं रनिंग आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना, सगळं कळतं. २०२१ ची गाडी म्हणजे २०२४ पासूनच्या नोंदी असायलाच हव्यात. दुसरी, सर्व्हिसचे कागद. टोयोटाकडे इथे अधिकृत सर्व्हिस केली की वॉरंटी पुढे वाढत जाते, दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत. होंडाच्या गाडीवर काय शिल्लक आहे ते डीलरकडून लेखी घ्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. तिसरी, ब्रेकच्या डिस्क. हायब्रिडमध्ये बरंचसं ब्रेकिंग मोटर करते, त्यामुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि इथल्या पावसात गंजतात. बॅटरी दाखवून लोक घाबरवतात, पण डिस्क कोणी बघत नाही. चौथी, बारा व्होल्टची साधी बॅटरी. गाडी तीन-तीन आठवडे उभी राहिली तर मोठी बॅटरी ठीक असूनही ही छोटी उतरते, आणि मग गाडी जागीच होत नाही. डिसेंबरात भारतात जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मग निकाल काय? ताई, तुमच्या घराला जॅझ. इन्शुरन्समध्ये मोठी तफावत निघाली नाही तर डोळे झाकून जॅझ. दीड वर्षाचं मूल, गुडघा दुखणारी आई आणि रोजची पाळणाघराची फेरी, या तिघांचं मत जॅझला आहे, आणि गाडीत सगळ्यात जास्त चढउतार तेच करणार आहेत. पैसे डिपॉझिटमधून जातायत, म्हणजे दोन वर्षांत "लहान पडली" म्हणून पुन्हा बदलणं तुम्हाला परवडणार नाही.

पण हेच दुसऱ्या कोणी विचारलं असतं, एकटा मुलगा, भाड्याच्या खोलीत राहणारा, रस्त्यावर अडीच इंच मोकळे सोडून पार्किंग करणारा, मागे कधी कोणी न बसवणारा, तर मी यारिसच सांगितली असती. ती वाईट गाडी अजिबात नाही. २०२१ ची युरोपियन कार ऑफ द इयर आहे ती.

आता पुण्या-मुंबईकर, तुमची पाळी. यारिस नावाने भारतात २०१८ ते २०२१ सेदान मिळायची, जॅझ २०२३ पर्यंत मिळत होती, पण दोन्ही हायब्रिड नव्हत्या. यारिससारखी जोडणी तुम्हाला टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मिळेल, जॅझसारखी होंडा सिटी ई-एचईव्हीमध्ये. या गाड्या २०२२ मध्ये आल्या तेव्हा दावा होता लिटरला २७.९७ आणि २६.५ किलोमीटरचा. तिथेही पुन्हा तेच, दीड किलोमीटरवरून भांडू नका. एक सेदान आहे, दुसऱ्या एसयूव्ही. आजोबा कशात सहज चढतात ते बघा. आणि "स्मार्ट हायब्रिड", "माइल्ड हायब्रिड" असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. त्यात मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शेवटचं, हे सगळ्यांसाठी. टेस्ट ड्राइव्हला दोघंच जाऊ नका. मुलाची सीट बरोबर न्या, ती स्वतः बसवून बघा. बाबागाडी न्या, डिकीत टाकून बघा. घरात ज्याला उठाबसायला त्रास होतो, त्याला मागे बसवा आणि तीनदा उतरायला लावा. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे. पैसे तुमचे आहेत.

तुमच्या घरात गाडीवरून वाद चालू असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन्ही बाजूंची पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर सीटबेल्ट लावा, मागे बसलात तरी लावा. नमस्कार!